सूचक म्हणून माझी सही

आमच्या वाडीच्या शाळेला दोन खोल्या आहेत, चार वर्ग आहेत आणि बदल्यांचे दिवस सोडले तर दोन शिक्षकही असतात. शाळा व्यवस्थापन समिती मात्र बारा महिने भरलेली असते. नियमच तसा आहे. शाळा कितीही लहान असो, समिती हवीच. तिच्यात बहुतेक पालक हवेत, त्यांतल्या निम्म्या तरी बायका हव्यात, आणि या सगळ्यांच्या वर एक अध्यक्ष हवा. मुलगा किंवा मुलगी शाळेत आहे तोवरच हे पद मिळतं. चौथी पास होऊन पोर बाहेर पडलं की आईबापही बाहेर. अध्यक्षाचं काम काय असं वाडीत विचारलंत, तर उत्तर येईल की पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी ओढायची आणि सव्वीस जानेवारीला परत ओढायची. मधले महिने सह्या करायच्या.

या पदाची मी पुष्कळ वर्षं चेष्टा केली. नंतर मला ते हवंसं वाटू लागलं. त्याचं कारण शिक्षणाशी संबंधित आहे असं मी तेव्हा स्वतःला सांगत असे. खरं कारण भिंतीपलीकडे राहत होतं.

मी महाडची. बी.ए. करून लग्नानंतर या बाजूला, कापडे गावाच्या वरच्या अंगाला आले. पोलादपूरला एका वाचनालयात काम करते, रोज एस्टीने जाते-येते. माझ्यानंतर सहा वर्षांनी माझी धाकटी जाऊ आली. ती नाते गावाकडची, बारावीपर्यंत शिकलेली. महाडच्या औद्योगिक वसाहतीत गोळ्या-औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. कंपनीची बस तिला फाट्यावरून उचलते. घर एकच, मध्ये भिंत घातलेली. ओटी आणि अंगण सामायिक. सासूबाई सकाळी तिच्याकडे जेवतात, रात्री माझ्याकडे. सकाळी त्या दोन भाकऱ्या खातात आणि रात्री म्हणतात, "आज भूकच नाय गो." माझ्या नवऱ्याचं एक हसणं आहे, मोठं, टाळी देऊन हसतात तसं. ते मी भिंतीतून ऐकलेलं आहे. माझी मुलगी शाळेतून आली की दप्तर माझ्या दारात टाकते आणि बातम्या काकीच्या दारात.

तिने माझं कधी काही वाईट केलं नाही. मत्सराला कारण लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांना जाऊ नसावी.

तर मला अशी एक जागा हवी होती जिथे तिचं हसणं उपयोगी पडणार नाही; जिथे वाचलेलं माणूस लागेल. समितीची सरकारी पुस्तिका वाडीत एकट्या मी वाचलेली होती. शिवाय शाळेत एक लोखंडी कपाट होतं, गोष्टींच्या पुस्तकांनी भरलेलं आणि कायम कुलूप लावलेलं. मुलांच्या हातात दिली तर पुस्तकं खराब होतात, आणि तपासणीला ती चांगली दिसली पाहिजेत, असं मुख्याध्यापकांनी मला दोन वेळा समजावून सांगितलं होतं. अध्यक्ष झाले की पहिल्या सभेत ठराव मांडून ते कपाट उघडायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. ठरावाचा मसुदाही तयार होता.

मुलगी तिसरीत होती. समितीची मुदत दोन वर्षं. तिची तिसरी आणि चौथी त्यात नेमकी बसत होती. या खेपेला झाले तर झाले; पुढे संधी नव्हती. जावेचा मुलगा पहिलीत होता, म्हणजे तिच्याकडे वेळच वेळ होता, पण तिच्या मनातही हे नव्हतं.

जुने अध्यक्ष शेतकरी, साठीकडे झुकलेले. त्यांचं शेंडेफळ चौथी पास झालं म्हणून ते मोकळे होत होते. ते मला फाट्यावर भेटले तेव्हा म्हणाले, "वयनी, औंदा तुमीच. तुमच्यासारखं शिकलेलं वाडीत दुसरं कोन हाय?"

"बघू," मी म्हटलं, आणि त्याच शनिवारी महाडच्या बाजारातून एक जांभळी साडी आणली. दोरी ओढताना अंगावर काय असावं याचा विचार आधीच केलेला बरा.

आमच्याकडे निवडणूक होत नाही, एकमत होतं. मागे एकदा देवळाच्या समितीसाठी कोणीतरी चिठ्ठ्या टाकायचं काढलं. चिठ्ठ्या पडल्या, आणि त्या शिमग्याला वाडीत दोन होळ्या पेटल्या. पालखी आधी कुठल्या होळीवर न्यायची हे ठरेना, तेव्हा गुरव तापाचं निमित्त करून दोन दिवस घरात पडून राहिला. तेव्हापासून नाव एकच घ्यायचं. ज्याचं घेतलं त्याने नको म्हणायचं. लोकांनी आग्रह करायचा. त्याने पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्या वेळी त्याने खाली बघत गप्प बसायचं, म्हणजे झाला होकार.

ही रीत मला चांगली ठाऊक होती. मला ती जरा ओबडधोबड वाटायची, एवढंच. नुसतं "नको नको" काय म्हणायचं? शिकलेल्या माणसाचा नकारही नीट असावा. स्वीकाराची भाषणं सगळेच तयार करतात. मी नकाराचं केलं. आठवडाभर कापडे ते पोलादपूर एस्टीत बसून ते मनात म्हणत होते.

पालक सभा शाळेच्या मोठ्या खोलीत भरली. पुरुष तीन-चारच, बाकीचे कंपनीत पहिल्या पाळीला नाहीतर मुंबईला. सगळ्या बायका. मुलांना शेजारच्या खोलीत चित्रं काढायला बसवलं होतं आणि ती चित्रं फार आवाज करून काढत होती. मुख्याध्यापकांनी इतिवृत्ताची वही उघडली. जुने अध्यक्ष बसल्या जागेवरून म्हणाले, "माजं म्हननं, औंदा आपल्या ह्या वयनी. कायदा वाचलेला हाय त्यांनी."

"हां, चांगलं हाय," दोघीतिघी म्हणाल्या.

मी उभी राहिले. तिथेच पहिली चूक झाली असावी. नकार बसून द्यायचा असतो. मी म्हणाले, "माझं नाव घेतलंत, हा मी माझा मान समजते. पण मला रोज पोलादपूरला जावं लागतं. यायला संध्याकाळ होते. शाळेच्या वेळात मी इथे नसते. या पदाला वेळ देणारं माणूस हवं, आणि माझ्यापेक्षा लायक माणसं याच खोलीत बसली आहेत."

वाक्यं ठरल्याप्रमाणे आली. आवाजही बरा लागला. मी खाली बसले आणि आग्रहाची वाट पाहू लागले.

"खरं हाय," जुने अध्यक्ष म्हणाले. "ह्याचा इचार आमी केलाच नाय."

"रोजची येश्टी म्हंजे काय खायचं काम हाय?" माझ्या मागची बाई म्हणाली. "सांच्याला वयनी उतरतात तवा त्यांचं तोंड बघवत नाय."

"नको नको, त्यांच्या डोक्याला आनि ताप नको."

खोलीभर माझ्याविषयी कळवळा पसरला. इतक्या वर्षांत वाडीने मला एवढी माया एकदम दिली नव्हती. मला तेव्हा कळलं ते असं: नकाराला कारण जोडायचं नसतं. कारणाशिवायचा नकार म्हणजे रीतभात. कारण दिलं की तो अर्ज होतो, आणि माझा अर्ज जागच्या जागी मंजूर झाला होता.

अजून सगळं गेलं नव्हतं. मुख्याध्यापक वहीवर पेन धरून माझ्याकडे बघत होते. "मग मॅडम, तुमच्या मते लायक कोण? नाव सांगा, मी लिहितो."

मी खोलीभर नजर फिरवली. डोकं फार वेगात चालत होतं. असं नाव घ्यावं की लोकांना हसू फुटेल, आणि हसून झालं की ते आपोआप माझ्याकडे परत येतील. दाराशी माझी जाऊ बसली होती. तिची आठवड्याची सुट्टी होती. दुसऱ्याच कोणाचं तरी तान्हं मांडीवर घेऊन ती त्याच्याशी बोलत होती. सभेत काय चाललंय इकडे तिचं लक्षही नव्हतं.

"आमच्या धाकट्या जाऊबाई," मी म्हणाले.

लोक हसले. इथवर माझा अंदाज बरोबर होता. पण ते हसणं मला हवं होतं त्या जातीचं नव्हतं. ते आनंदाचं होतं.

"आयला! हे नाव कुनाला सुचलंच नाय!"

जाऊ दचकली. "काय गो? कोन? मी? नाय गो ताई, मी नाय!"

"आता नाय म्हनायचं नाय."

"अगो नाय गो बाय, मी नाय!"

"थोरल्या जावंनं नाव घेतलंय तुजं," जुने अध्यक्ष म्हणाले. "तिचा शब्द मोडतेस काय?"

तिने मांडीवरचं पोर उचललं आणि त्याच्यामागे तोंड लपवलं. पोर हसलं, खोली हसली, टाळ्या झाल्या. तिने एकही कारण दिलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी ठराव लिहिला आणि वही माझ्यापुढे सरकवली. सूचक म्हणून मी सही केली. मला सदस्य करून घेण्यात आलं. सदस्य जवळजवळ सगळेच होते.

घरी गेल्यावर नवरा म्हणाला, "तू सुचवलंस? मोठं मन लागतं त्याला." सासूबाईंनी ती गोष्ट भावकीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितली. लग्नानंतर त्यांनी माझं पहिल्यांदा कौतुक केलं, तेही मी न केलेल्या गोष्टीबद्दल. दुसऱ्याच्या चपला चुकून पायात आल्या की माणूस जसं घाईघाईने घर गाठतं, तसं मी ते मोठं मन घालून दीड वर्ष वावरले.

पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी ती माझ्या दारात आली. "ताई, तुमची ती नवी जांभळी साडी देता काय उद्याच्याला? माज्याकडं सगळ्या फुलाफुलांच्या हायत."

ट्रंकेत वरतीच होती. दिली. घडी मोडायचीही राहिली होती, ती तिने मोडली. सकाळी ओल्या मैदानात ती उभी राहिली, दोरी ओढली, झेंडा उघडला. साडी मला खुलली असती त्यापेक्षा तिला जास्त खुलून दिसत होती, हे माझ्या मुलीने मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

मग मी तिच्या चुकांची वाट बघू लागले. हे लिहायला लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती. समितीच्या व्हॉट्सअॅप गटावर मी स्वल्पविराम घालून परिच्छेद लिहायची. त्याला मुख्याध्यापकांचे नुसते जोडलेले हात यायचे. ती बसमधून आवाजी निरोप टाकायची, "ए बायांनो, उद्या पोरांचे दाखले आना गो, गुरुजी बोंब मारतायत," मागे कंपनीच्या बायकांचा गलका; आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे दाखले जमा झालेले असायचे. सभा तिच्या सुट्टीच्या दिवशी व्हायच्या आणि वीस मिनिटांत संपायच्या. पुस्तिकेप्रमाणे विषयपत्रिका आधी फिरवायला हवी, असं मी एकदा म्हणाले. "फिरवू की ताई," ती म्हणाली. फिरवली नाही. कोणाला विषयपत्रिकेची उणीवही भासली नाही.

कपाटाचा विषय मी मुद्दाम काढला नव्हता. तो माझा होता. दुसऱ्या का तिसऱ्या सभेला ती त्या कपाटाला टेकून बसली होती. उठताना म्हणाली, "गुरुजी, ह्यात काय हाय?"

"पुस्तकं आहेत, गोष्टींची."

"मग कुलूप कशाला? चावी द्या बगू."

त्यांनी चावी दिली. मला दोन वेळा जो नियम सांगितला होता तो त्यांनी तिला सांगितलाच नाही. तिने दार उघडलं, वरचा गठ्ठा काढून मुलांच्या घोळक्यात ठेवला आणि घरी कपडे भिजत पडलेत म्हणून निघून गेली. ठराव नाही, नोंदवही नाही, काही नाही.

महिन्याभरात मी शाळेत गेले तेव्हा पुस्तकांची दशा झाली होती. एकाचं मुखपृष्ठ गेलं होतं, एकावर वरणाचा डाग होता, एकातली मधली पानं लोंबत होती. इतके दिवस जिची वाट पाहत होते ती चूक मिळाली. मी ती दोन्ही हातांत धरून तिच्याकडे घेऊन गेले. ती अंगणात कपडे वाळत घालत होती.

"बघ," मी म्हटलं. "फाटली."

तिने पुस्तक घेतलं, चाळलं. "फाटली म्हंजे कोनीतरी वाचली ना ताई."

वाचनालयात माझी इतकी वर्षं गेली. न फाटलेली, म्हणजे कोणी न वाचलेली पुस्तकं मी रोज पुसून ठेवते. हे वाक्य माझं असायला हवं होतं.

दुसऱ्या वर्षी एका शिक्षकाची बदली झाली आणि जागा रिकामी राहिली. अर्ज लिहायला तिने मलाच सांगितलं: "ताई, दोन ओळी लिवून द्या." मी दीड पान लिहिलं, कलमांसकट. ती सुट्टीच्या दिवशी चार बायका घेऊन पोलादपूरच्या कार्यालयात गेली आणि दुपारपर्यंत बाकावर बसून राहिली. तिथला कारकून तिच्या माहेरच्या गावचा निघाला. पंधरवड्यात तात्पुरता शिक्षक आला. माझ्या अर्जाचं काय झालं विचारलं, तर ती निरागसपणे म्हणाली, "त्यांनी त्याच्यावर चहाचा कप ठेवला."

दिवाळीची सुट्टी संपली. माझी मुलगी चौथीत होती. जूनमध्ये ती कापड्याच्या हायस्कूलला जाणार. माझ्या हातात पाच-सहा महिने उरले होते. एका रविवारी सकाळी मी भिंतीच्या पलीकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. काही भाषण केलं नाही.

"मला अध्यक्ष व्हायचंय," मी म्हणाले.

"कशाची?"

"शाळेची. जूनमध्ये मुलगी बाहेर पडेल, मग नाही होता येणार."

तिने सूप खाली ठेवलं. "तुमाला पायजे होतं? तवा पन?"

"हो."

"मग माजं नाव कशाला घेतलंत?"

खोटं बोलणं मला जमतं, पण त्या वेळी सुचलं नाही. "मला वाटलं, तुझं नाव घेतलं की लोक हसतील आणि माझ्याकडे परत येतील."

ती नेहमी हसते. तेव्हा हसली नाही. सुपातला एक खडा काढून तिने अंगणात टाकला. "लई हुशार हो तुमी, ताई," ती म्हणाली. मग तांदळाकडे बघत, "घ्या. मला काय करायचंय."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पुढच्या सभेत तिने सांगितलं की कंपनीत पाळी बदललीय, आता जमायचं नाही, तर ताईंना करा. पाळी बदललेली नव्हती; भिंतीतून तिचा गजर मला ऐकू येतो. तिने माझ्यासाठी खोटं कारण दिलं, आणि लोकांनी ते खरं मानलं. एवढ्या गोष्टीतही ती माझ्यापुढे गेली, असं मला वाटलं. कृतज्ञता वाटायला हवी होती. तीही थोडी वाटली, पण आधी हे वाटलं.

अशी मी अध्यक्ष झाले. सव्वीस जानेवारीला मी दोरी ओढली. झेंडा उघडला, टाळ्या झाल्या. मुलं माझ्याकडे बघत होती की माझ्या मागे उभ्या असलेल्या काकीकडे, हे मला ओळखता येईना; आम्ही दोघी एकाच रेषेत उभ्या होतो.

त्यानंतरच्या आठवड्यात एक बाई सकाळी अंगणात आली. हातात मुलाचा गणवेश, घडी मोडलेला. मी ओटीवर पेपर वाचत बसले होते. ती माझ्या समोरून गेली आणि जावेच्या दाराशी थांबून हाका मारू लागली.

"ती कामाला गेली," मी म्हटलं. "काय काम होतं?"

"गनवेश मोठा आलाय पोराला. दोघं मावतील त्यात."

"मग मला सांगा ना. अध्यक्ष मी आहे आता."

"ते म्हायती हाय की," ती माझी समजूत घालत म्हणाली. "पन मी तिला सांगते. ती सांगंल तुमाला बराबर."

संध्याकाळी ती परत आली, जावेला भेटली, आणि जाऊ डबा घासायच्या आधी माझ्या दारात आली. "ताई, तिच्या पोराचा गनवेश मोठा आलाय."

"कळलंय मला."

"मग द्या की बदलून."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा काढली, मुख्याध्यापकांना गाठलं, ज्याला लहान आला होता असा दुसरा मुलगा शोधला आणि अदलाबदल करून दिली. काम चांगलं झालं होतं. पुस्तिकेत नसलेलं, पण चांगलं. ती बाई दोन दिवसांनी कृतज्ञतेने पिशवीभर वालाच्या शेंगा घेऊन आली आणि जावेच्या दारात ठेवून गेली.

जावेने त्यातल्या अर्ध्या मला आणून दिल्या. सोलून.